दुहेरी किल्ली

एक तारखेपासून, ते कळवतात,
मालकाला आपोआप वाचता येणार नाही.
डेटाबेस ज्याच्या नावावर, त्यानंही
टेबलागणिक परवानगी मागून घ्यायची,
आणि कोणी दिली त्याची नोंद राहील.
नव्या सोयी खाली दिल्यात:
पस्तीस दिवसांतल्या कुठल्याही सेकंदाला परत जाता येईल,
आधारचे शेवटचे चारच आकडे दिसतील,
पुसलेलं चौदा दिवस पुसलं जाणार नाही.
हे सगळं सांभाळणारं यंत्र कुठंय, मला माहीत नाही,
बँकेलाही नाही.
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यावरून
एक निळी वायर वर जाते
आणि पंख्यामागे नाहीशी होते.

मी यादी काढली, कोणाला काय काय उघडतं.
एकेचाळीस नावं. त्यातली सतरा माणसं,
बाकीची रात्री दोनला उठून व्याज मोजणारी.
सतरांत एक: रोखपाल_१.
पुढे सगळे हक्क. वाचणे, लिहिणे, पुसणे,
दुसऱ्याला हक्क देणे.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची,
बँक क्लाउडवर गेली त्या आठवड्यातली.
कोणीतरी घाईत म्हणालं असणार, देऊन टाका, नंतर बघू.

रोखपाल एक म्हणजे आनंदराव फणसे.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
संध्याकाळी सुरसागरच्या कठड्याला असतात,
महादेवाची पाठ दिसते त्या बाजूला,
तिकडं गर्दी नसते म्हणून.

काका, तुमची परवानगी काढतेय.
"कसली?"
सगळ्याची.
"म्हणजे, मला काय काय करता आलं असतं?"
सांगितलं. कुणाचंही खातं उघडणं.
स्वतःचं गृहकर्ज शून्य करणं.
एका ओळीत आख्खी बँक पुसणं.
सेव-उसळीत बुडवलेला पाव तसाच राहिला.
"आणि मला रजेचा अर्ज भरायला
तीन महिने शिकवलंस तू."

मग मालकाचा नियम सांगितला तर हसले.
"ब्याऐंशी सालापासून आमच्याकडं तेच.
एक किल्ली अमीनसाहेबांकडं, एक माझ्याकडं.
दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं,
पण सकाळी साडेदहाला तिजोरीपुढं शेजारी शेजारी,
तोंडं दोन दिशांना,
आणि किल्ल्या एकदम.
मोठी कंपनी म्हणतेस. एवढा वेळ लागला त्यांना?"

त्यांना एक सांगितलं नाही.
येण्याआधी मी त्यांच्या नोंदी चाळल्या होत्या.
अकरा वर्षांत एकदाही
आपल्या कामाबाहेरचं पान त्यांनी उघडलं नव्हतं.
हे कौतुकानं सांगता आलं असतं,
पण मग तपासलं, हेही सांगावं लागलं असतं.

आणि माझ्या नावापुढच्या नोंदी.
त्यांत मार्चमधली एक रात्र आहे, बारा वाजून सात मिनिटं,
आणि एक खातं,
जे बघायचं मला काहीच कारण नव्हतं.
शिल्लक पाहिली. पगार कुठून येतो ते पाहिलं.
दर पाच तारखेला कोणाला पैसे जातात, ते पाहिलं.
बंद केलं.
पस्तीस दिवस केव्हाच उलटले.
तसंही, परत जाऊन
टेबल जसंच्या तसं मिळतं.
पाहिलेलं त्यात नसतं.

दोन्ही नावं रात्री अकराला काढली.
आधी त्यांचं, मग माझं.
आता मला काही वाचायचं तर
कृपालीबेनना विचारावं लागेल, आणि त्यांना मला.
त्यांचं नाव घालून ठोठावून पाहिलं:
परवानगी नाही.
माझं घालून:
परवानगी नाही.

कुलूप लावलं की फणसे दोनदा ओढून बघायचे.
अर्धा जिना उतरून परत वर जायचे, तिसऱ्यांदा.
आम्ही खाली स्कूटर चालू करून थांबायचो, वैतागून.

मी पुन्हा एकदा माझं नाव टाकलं.