चिंच

औशाच्या दवाखान्यात, तीन वर्षांनी,
नसीम सिस्टरला सांगितलं एकदाचं:
यांचा हात पाठीवर आला
की ओल येते खाली.
गोळ्या खाल्ल्या मेडिकलवरच्या,
मंगळवार धरले,
चादर अंधारातच धुतली.

"खाज? आग? घाण वास?"
न्हाई.
"रंग?"
रंगच न्हाई. बुळबुळीत नुस्तं,
सकाळी कोरडं.

ती माझी बोटं बघत होती,
हंगामभर चिंचा फोडून काळी पडलेली.
"चिंच दिसली की तोंडाला काय होतंय?"
पाणी सुटतंय.
"मग त्याला गोळी घेतीस का?"

हसू आलं, अन् थांबेना.
तोंडात खरंच पाणी.

बाहेर हे रिक्षापाशी, काळजीत.
काय म्हणली?
म्हटलं, घरी सांगते.
आधी चिंच घ्या दहाची.
"दिवसभर तेच फोडतीस की गं!"