वळसा

ताक्वारेम्बोच्या सार्वजनिक वाचनालयात
आठ पडदे, आठ कळफलक, आणि पडद्यांमागे
वहीएवढ्या आठ डब्या.
डब्यांत डिस्क नाही, पंखा नाही, आठवण नाही.
बंद केल्या की कोऱ्या.
काम सगळं चारशे किलोमीटरवर चालतं,
मोन्तेविदेओतल्या कुठल्याशा गार खोलीत;
इथे येतं ते त्याचं चित्र.

हे निल्साबाईंना कसं सांगणार?

त्या आल्या साडेदहाला, वाऱ्यासकट.
काखेत थर्मास, हातात कडू चहाचा भोपळा,
आणि गळ्यात, करड्या लोकरीच्या पिळात ओवलेला
नखाएवढा पेनड्राइव्ह.
बत्तीस बायकांचा हिशोब आहे यात, म्हणाल्या,
कुणी किती किलो कातलं, कुणाचं किती देणं.
एकच्या आत अर्ज गेला नाही
तर वर्षाचं अनुदान गेलं.

खुपसला. दिवा लागला, हिरवा, लुकलुकता,
उत्तर येणाऱ्या पोरानं हात वर करावा तसा.
पडद्यावर काही नाही.
काढला, फुंकर मारली
(फुंकरीनं काही होत नाही, तरी मारतोच आपण),
मागच्या खाचेत घातला.
दिवा. पडद्यावर काही नाही.
डबी बदलली. तीन नंबर, मग पाच.
"बिघडला का रे, आदेमार?"
नाही बाई. इथे आहे. तिथे दिसत नाही.
"तिथे म्हणजे कुठे? मी तर इथेच बसलेय."

जोडणीच्या खिडकीत, तिसऱ्या कप्प्यात,
'अधिक'च्या पोटात एक चौकोन असतो:
इथले ड्राइव्ह सोबत न्यायचे का?
रिकामा.
मंगळवारी मीच खूण केली होती तिथे.
रात्री वीज गेली, डबी विसरली.
पुन्हा खूण केली, या वेळी जतन करून.
आत गेलो. काही नाही.

साडेअकरा. फोन लावला, राजधानीत, एबेरला.
बंद केलंय, म्हणाला, मार्चपासून.
कुणाच्या तरी काडीतून कीड आली होती.
आता नियम आहे.
कुणासाठी?
सगळ्यांसाठी.
पलीकडून चहा ओढल्याचा आवाज आला.

निल्साबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.
"पोरा, पाहुण्याला उंबऱ्यावर थांबवलंस, बरं केलंस.
पण नाव तरी विचारशील की नाही?"
मग कसलीशी चौकशी, कुठल्या गावचा तू,
आन्सीनाचा? मग तुला वारा माहीत असेल.
पुढचं मी ऐकलं नाही, दुसऱ्या टेबलावर
प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.

वीस मिनिटं, म्हणाला एबेर. एकाच खात्याला.

उघडलं. तरी काही नाही.
कपाळावर हात मारला मी:
खिडकी मिटली होती फक्त, बाहेर पडलो नव्हतो.
खिडकी मिटणं म्हणजे निघणं नव्हे,
पलीकडे आपण बसलेलेच असतो, जुन्याच नियमांत.
साइन आउट. पूर्ण. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड,
जो बाईंनी मोठ्यानं उच्चारला आणि सगळ्या वाचनालयानं ऐकला.

आणि आला. जिथे शोधत होतो तिथे नाही,
खाली, सगळ्यात शेवटी, परक्याच्या पंगतीत बसल्यासारखा:
'ताकुआ-०५ वरचा ई'.
फाइल उघडायला सव्वा मिनिट.
खुपसल्या जागेपासून पडद्यापर्यंत वीतभर अंतर,
आणि आकडे राजधानीला जाऊन परत येत होते
एकेक करून: दोरीस, नऊ किलो. माबेल, सहा.
काखेत कळसा म्हणतात तो असा,
फक्त वळसा गावाला नाही, अख्ख्या देशाला.

बारा सत्तेचाळीसला अर्ज गेला.

"मग आता हिशोब कुठे आहे, इथे की तिथे?"
इथेच आहे बाई, तुमच्या गळ्यात.
तिथे त्यांनी फक्त विश्वास ठेवला.
"वीस मिनिटं," त्या म्हणाल्या, आणि भोपळा माझ्यापुढे केला.
चहा गार झाला होता. प्यायलो.

संध्याकाळी सगळ्या डब्या बंद केल्या.
पाच नंबरच्या खाचेत
करड्या लोकरीचं एक सूत अडकलंय.
काढायला हवं.