पेरूपर्यंत

पेरूपर्यंत यायचं.
धुण्याच्या दगडापुढची तिसरी फरशी ओलांडली
की वत्सूचा आवाज आधी चिरका व्हायचा,
मग नुसतं हॅलो, हॅलो,
मग मी एकटीच, एका हातात फोन, एका हातात चहा,
मागच्या खोलीच्या दाराकडे बघत.

बडोद्याला कारेलीबागेत घर घेतलं तेव्हा
ती खोली स्कूटरसाठी बांधली होती. वर पत्रा.
स्कूटर विकली त्याच साली हे निवृत्त झाले
आणि तिच्या जागी जाऊन बसले,
लोकांच्या पेट्यांचे भाते चिकटवत, सूर घासत.
प्रतापनगरला रेल्वेच्या सिग्नल खात्यात
चौतीस वर्षं काढलेला माणूस
दिवसातून दोनदा फोन उंच धरून
सिग्नल शोधत माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीशी यायचा.
साडेअकराला. पुन्हा पाचला.
कुणी सांगलीहून, कुणी धारवाडहून
बिघडलेल्या पेटीचे फोटो पाठवलेले असायचे.
ते उतरेपर्यंत पायरीवर बसावं लागे.
मी मटार पुढे सरकवायची.
बोलणं असं काही नाही.
पण किलोभर सोलून व्हायचे.

मुलीनं पैसे पाठवले.
बाबांना किती फेऱ्या गं, करून टाका.

जिगर आला. शिडी, ड्रिल, कानात काहीतरी वाजतंय.
आधी खिडकीत एक पांढरी डबी लावली:
दोन दांड्या. खोलीचं दार लावलं की एक.
"माशी, दीवाल बहु जाडी छे."
मग माझ्या कपाटावर टकटक केली.
राउटर याच्यामागे ठेवलाय, म्हणाला,
लोखंड सगळं खाऊन टाकतं.
लग्नातलं कपाट.
मला काही ते खोटं वाटलं नाही.

शेवटी वायरच. पस्तीस मीटर,
काळ्या पाइपातून, कुंपणाच्या कडेनं,
वीतभर खोल चर खणून.
अळूचे कंद निघाले. एक बूच.
आणि चांदीचा लहान चमचा, काळा पडलेला,
मुलीच्या उष्टावणाचा,
ज्याच्यापायी मी जशोदाला
भर दिवाळीत कामावरून काढलं होतं.
जिगरनं तो पॅन्टला पुसून माझ्या हातात दिला
आणि पुन्हा पहार उचलली.

संध्याकाळी खोलीत हिरवा दिवा लागला.
ह्यांनी तीनदा दार लावून, उघडून पाहिलं,
मग बाहेर येऊन दोन्ही हात वर केले,
लाइन क्लियर.
मीही इकडून हात हलवला.
काय करणार.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजले.
पावणेबारा.
पायरीवर ऊन आलं, आणि गेलं.
माझ्या फोनवर आता दोन नावं दिसतात,
एक घराचं, एक मागच्या खोलीचं,
आणि ओट्याशी उभी असले
की तो आपणहून मागच्या खोलीचं धरतो.
मी बदलत नाही.

काल वत्सूचा फोन होता.
चहा घेऊन निघाले बोलत बोलत,
आणि धुण्याच्या दगडाशी आल्यावर
चमच्याचं काढलं.
अंतर माहीत होतं मला.
चमचा सापडला एवढं सांगून होईल,
जशोदाच्या नावाशी फरशी येईल,
पुढचं पेरूखाली आपोआप तुटेल.
पस्तीस वर्षांत कितीतरी वाक्यं
तिथं अशीच सोडली आहेत मी.

फरशी आली. पेरू आला, मागे पडला.
"मग?" वत्सू म्हणाली,
अगदी कानात, शेजारी बसल्यासारखी.
"मग जशोदाचं काय?"

खोलीचं दार उघडंच होतं.
आत कानस थांबली.
चहावर साय धरायला लागली होती.
"ऐकू येतंय ना?" वत्सूनं विचारलं.

येतंय, म्हटलं.