खाच

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत, माझ्या काउंटरवर
हिंदुराव लोहारांनी रुमालाची गाठ सोडली.
आत एक प्रोसेसर, आठ जीबीची रॅम,
आणि का कोण जाणे, चार सुपाऱ्या.
"पुतण्यानं पुण्यातनं धाडलंय. बसवून दे.
नातीला ड्रॉइंग काढायचंय, मशीन लई दमतंय."

मशीन म्हणजे तेरा वर्षांचा डबा,
उद्यमनगरच्या शेडमधून रिक्षानं आणलेला.
झाकण काढलं तर पंख्यात बिडाची काळी भुकटी,
केबलीवर कुणाचा तरी तेलकट अंगठा,
तळाशी लेथवरून उडालेला
लोखंडाचा एक कुरळा कीस.

ब्रशनं झाडत झाडत मी बोर्डापर्यंत उतरले.
तिथं, धुळीखाली, बारीक अक्षरांत
त्याचं नाव असतं, नावापुढं आवृत्ती.
गिऱ्हाईक तेवढं वाचत नाही.
प्रोसेसरचा भाव विचारतं, रॅम किती ते विचारतं;
हे सगळं ज्याच्या अंगावर बसायचं
त्याला कुणी विचारत नाही, तुला चालंल का बाबा.

"एच एकसष्ट," मी म्हणाले, "सॉकेट अकराशे पंचावन्न.
प्रोसेसर नशिबानं त्याच भावकीतला, एक पिढी पुढचा.
रॅम मात्र बसणार नाही."

"का? लांबी तर तेवढीच हाय."
खिशातली स्टीलची पट्टी त्यांनी नव्या रॅमला लावली,
मग जुन्या.
खरंच, लांबी तेवढीच.
फक्त खाच सरकलेली, नखाच्या कडेएवढी.

दुसऱ्या खिशातून कानस निघाली.
"एवढंच ना? घासतो थोडं. चाळीस वर्षं हेच केलंय."

मी दोन्ही हातांनी रॅम झाकली.
"शिकलगाराची पोर तू,
न् कानशीला भितीस?"
शेजारचा झेरॉक्सवाला खो खो हसला. मीही.
"तात्या, ही खाच चुकून पडलेली नाही.
चुकीचं आत जाऊ नये म्हणून मुद्दाम तिथं पाडलीय.
जुनीला दीड व्होल्ट लागतो, हिला त्याहून कमी."

ते पट्टीवरच्या रेघा बघत राहिले.
"म्हणजे की-वे," बऱ्याच वेळानं म्हणाले.
"एकदा मी चावीचा गाळा घासून वाढवला हुता.
शाफ्ट बसला की.
तिसऱ्या दिवशी निसटला."
डावा हात त्यांनी काउंटरवरून खाली घेतला.
मी बोटं मोजली नाहीत.

ड्रॉवरमधून जुन्या जातीच्या चार-चारच्या दोन रॅम काढल्या.
पण प्रोसेसर लगेच नाही.
या बोर्डाला नवा माणूस ठाऊक नाही,
आधी बायॉस शिकवायचा,
तोही जुना प्रोसेसर जाग्यावर असतानाच.
सहा-सात मिनिटं. तेवढ्यात वीज गेली
तर बोर्ड मेला म्हणून समजायचा,
आणि माझ्या यूपीएसचं काही खरं नव्हतं.

तात्या उठले, मीटरखालच्या बटणांवर पंजा धरून उभे राहिले.
वीज गेली असती तर पंजाला काय थांबणार होती?
पण चहावाला पोरगा दारात आला
तोही त्यांच्याकडं बघून तिथंच थबकला,
किटली हातात, न हलता.
पडद्यावर टक्के सरकत होते.
एकोणनव्वदवर बराच वेळ अडकले.

मग खटका उचलला, जुना काढला, नवा ठेवला,
खटका दाबताना करकर झाली.
"आवाज बरोबर हाय?"
"बरोबर आहे."
तरी त्यांनी मान वाकडी करून
पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला, बेअरिंगचं ऐकतात तसा.

पडद्यावर नवं नाव उमटलं, आठ जीबी उमटले.
तात्यांनी तिकडं बघितलंच नाही.
उतरवलेला प्रोसेसर सुपाऱ्यांसोबत रुमालात बांधला.
"पार्ट फेकायचा नसतो," म्हणाले,
"न बसलेली रॅम मात्र ठेव. कुणाच्या बोर्डाला लागली तर दे."

कानस विसरली.
संध्याकाळी फोन केला, तर मागं लेथचा घरघराट:
"राहू दे की तुझ्याकडं. आडनावाला शोभंल.
फक्त त्या रॅमपासनं लांब ठेव."