ओ

बिशपांच्या कचेरीतून पोस्टर आलंय, मासेरेका.
त्यावर एक गुळगुळीत तरुण हसतो आहे,
झग्याला एक सुरकुती नाही,
मागचा डोंगरसुद्धा आपल्याकडचा नव्हे.
खाली छापलंय: प्रभू तुला पाचारण करतो आहे.
आणि त्याखाली फोन नंबर.
मी ते लावलं नाही अजून,
कपाटामागे उभं आहे, भिंतीकडे तोंड करून.

रविवारच्या मिस्सेत तरुणांना चार शब्द सांगा, असं पत्र आहे.
चार शब्द मी तीनदा लिहिले, तिन्ही वेळा खोडले.
मग परवा रात्री तुला फोन केला.

कासेसेहून किलेम्बेला जाणारा रस्ता तुला अंधारातही पाठ.
न्यामवाम्बा नदीनं पुलाचा कठडा नेलेला,
पाणी दगड लोटत होतं, आवाज पोटात येत होता.
"फादर, पाय वर घ्या," म्हणालास आणि गाडी घातलीस.
मी, सत्तरीचा माणूस,
एका मुठीत तेलाची डबी, दुसऱ्या मुठीत तुझं जॅकेट.

इथुंगू म्हातारी तांब्याच्या बंद खाणीजवळ,
कामगारांच्या जुन्या खोलीत.
मी कपाळाला तेल लावलं, हातांना लावलं,
प्रार्थना म्हटली, एक ओळ गाळली बहुतेक.
तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.
दाराशी तू, काखेत हेल्मेट, पँट गुडघ्यापर्यंत ओली.
"बालुकू," ती म्हणाली, "वर आलास का रे?"
बालुकू तिचा थोरला. तो खाणीत उतरला
तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता.

मी सांगणार होतो तिला, की हा बालुकू नव्हे.
त्याआधी तू म्हणालास, "ओ, आई. आलो."
आणि बसलास. तिचे पाय चोळत बसलास
उजाडेपर्यंत. रात्रीची भाडी बुडाली,
शुक्रवारी गाडीचा हप्ता.

चव्वेचाळीस वर्षं मी हाकेवर प्रवचनं देतोय.
ओ कशी द्यायची, ते परवा पाहिलं.

आता खरं सांगतो, पोस्टरवर नाही ते.
संध्याकाळी घेवड्याच्या उसळीपुढे एकट्यानं बसावं लागतं.
उशीर का झाला, विचारणारं कोणी नसतं.
लोक लग्नाला बोलावतात, मयताला बोलावतात,
मधल्या दिवसांत विसरतात.
काही वर्षं देवही काही बोलत नाही,
आणि मिस्सा तर रोज सातला असते.

मी का गेलो सेमिनरीत, विचारशील.
तिथं चहात साखर मिळते, असं ऐकलं होतं.
दुसऱ्या वर्षी साखर बंद झाली.
मी राहिलो. का, ते नीट सांगता येत नाही.

आपल्यात नावं कोण निवडतं?
तिसरा आला तो मासेरेका, चौथा आला तो कुले.
तू तिसरा, मी चौथा, आपल्याला कोणी विचारलं नाही.
हे मात्र विचारून होतं.
नाही म्हणता येतं. म्हणूनच विचारतोय.

गायकवृंदातली बीरा तुझ्याकडे बघते, मला दिसतं,
वेदीवरून सगळंच दिसतं.
तीही हाकच असेल. मी मध्ये पडणार नाही.
पण बाजाराच्या नाक्यावर चाळीस गाड्या उभ्या असतात,
पलीकडून कोणीतरी शिट्टी घालतं,
एकोणचाळीस जण मोबाइलमध्ये बघत राहतात
आणि तू किक मारतोस.
ती तुझ्यासाठीच होती, कसं कळतं रे तुला?
तेवढं एकदा स्वतःला विचार. गाडी बंद करून विचार.

हप्ता भरून झाला की ये.
पोस्टर लावायचंच आहे शेवटी,
शिडी हलते, कोणीतरी धरायला हवं.
आणि नाही आलास,
तरी रात्रीबेरात्री मी फोन तुलाच करणार.
तेवढी ओ देत जा.