जुळी

राजा उन्हाळ्यात डोंगरावर असतो, हिवाळ्यात सुसाला.
आम्ही बारा महिने इथेच, पार्साच्या तटाखाली,
ओल्या मातीच्या घमेल्याशेजारी.
राजा मी पाहिलेला नाही.
आमच्या हमालाने म्हणे पाठ पाहिली एकदा,
तीही छत्रीच्या सावलीत.

पण त्याचं राज्य रोज माझ्या बोटांखालून जातं:
बाक्त्रियाहून अकरा जण, एका रात्रीचा मुक्काम,
माणशी दीड माप पीठ, म्होरक्याला तीन.
खेचरांचं ठरलेलं. बदकांचंही ठरलेलं.
कुणी दिलं, कुणी घेतलं, कुणाच्या हुकमाने,
महिना कोणता,
सगळं तळहाताएवढ्या चिपटीवर,
वर सुभेदाराचा शिक्का, खाली कोठीवाल्याचा,
आणि कडेला माझ्या नखाची कोर,
जी कुठल्याच कायद्यात नाही.

दर दोन महिन्यांनी वरून एक माणूस येतो.
बोलत नाही, मोजतो.
त्याला राजाचा कान म्हणतात.
मला तो बहिरा वाटतो.

इर्तिमा दगड घासणाऱ्यांच्या टोळीतली.
बाळंतीण होऊन पाचव्या दिवशी रांगेत उभी.
मुलगा असेल तर दारूचं एक माप,
मुलगी असेल तर निम्मं.
हे मी ठरवलेलं नाही,
ज्याने ठरवलं त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार.

‘काय झालं?’ मी विचारलं.
तिने बोचकं छातीशी धरलं,
माझ्याकडे, मग मातीकडे पाहिलं,
आणि म्हणाली, ‘जुळं. दोन्ही मुली.’

बोचक्यात एकच तोंड होतं.
मागच्या बाया गप्प.
माती सुकायला लागली होती.
मी दोन खुणा उमटवल्या.

वाटलं, वर्षभरात एकीला मारून टाकीन.
‘वारली’ एवढं लिहायचं,
मुलींच्या मरणाला वरचा शिक्का लागत नाही.
पण हात धजला नाही, पुढच्या वर्षीही नाही.
नऊ वर्षं ती जेवते आहे माझ्या चिपट्यांवर,
ताप नाही, गोवर नाही,
अख्ख्या पार्सात तिच्याएवढं धडधाकट पोर नाही.

काल वरून यादी आली:
दहाव्या वर्षात पाऊल टाकणारी सगळी पोरं
वसंतात टोळीवर हजर करावीत.
एकूण चाळीस.

माझ्या हिशेबाने चाळीस बरोबर आहेत.
उद्या कान येईल, ओळीने उभं करून मोजेल.

इर्तिमाला अजून सांगितलेलं नाही.
घमेल्यात पाणी ओतून ठेवलंय.