झाकणाबद्दल दोन शब्द

वस्तू घरात आली की मी लगेच लिहीत नाही.
आधी एक हिवाळा जाऊ देते.
फावडं असेल तर त्याने बर्फ ओढून बघायचा,
भुरभुरीत नव्हे, रस्त्याकडेचा तो ओला, खारट, चिखलासारखा;
मोजे असतील तर टाच विरेपर्यंत थांबायचं.
राउमातल्या आमच्या गल्लीत
सगळे त्यामुळे मला जरा वचकून असतात.
सल्लिनेनबाईंचा वेलचीचा पाव खाऊन
एकदा मी गप्प बसले, तर त्याच म्हणाल्या,
"सांग बाई एकदाचं. किती तारे?"

तीन, असं मनात होतं. वेलची कमी.

लिहिते पेन्सिलीने, वाणसामानाच्या पावतीमागे.
दुसऱ्या दिवशी, राग शिळा झाला की, टाइप करते.
"अप्रतिम" हा शब्द वापरत नाही.
"पैसे वसूल" तर नाहीच. पैसे
वसूल होत नसतात, ते गेलेले असतात.
वजन देते, ग्रॅममध्ये. टाके मोजते.
शेवटचं वाक्य ठरलेलं:
दोष सांगितला, कारण वस्तू ठेवून घेतली आहे.

ऊर्होचं सगळं उलट.
खोकं फोडायच्या आधीच पाच तारे.
"कुणीतरी केलंय ना ते," म्हणायचा,
"दिवसभर उभं राहून."
बत्तीस वर्षं कागदाच्या गिरणीत तो स्वतः उभा होता.
गळक्या किटलीला पाच: "शिट्टी गोड आहे."
बुटांच्या खोक्यात दोन्ही डावेच निघाले, तरी पाच:
"चामडं मऊ. डावा बूट विशेष चांगला."
मी चिडायचे, लोक फसतील अशाने.
तो म्हणे, लोक काय तारे बघून जगतात?

गेल्या एप्रिलात तो गेला,
खाडीतला बर्फ फुटायच्या आठवड्यात.
त्याचं खातं बंद करायला बसले
आणि वाचतच गेले.

पाच, पाच, पाच, पाच.
मग एका नोव्हेंबरात फ्लॅनेलच्या सदऱ्याला चार.
"बटणं फार बारीक. काजं मात्र नीट."
घड्याळाच्या पट्ट्याला चार: "बक्कल हट्टी आहे."
डबा फोडायच्या चावीला तीन:
"हिला माणसाचा अंगठा माहीत नाही."
पेनाला तीन. "रेघ माझं ऐकत नाही."
आणि हा थर्मास, आत्ता माझ्यासमोर ओट्यावर,
याला दोन.
"कॉफी गरम राहते. पण झाकणाला दोन्ही हात लागतात,
तेही धड असलेले. आज बायकोसमोर उघडेना,
म्हणून कॉफी नको म्हणालो.
हवी होती."

डॉक्टरकडे आम्ही गेलो
त्यानंतर चौदा महिन्यांनी.
मला वाटलेलं, कॉफी सोडली त्याने पोटासाठी.
मला. टाके मोजणारीला.

खाली बारीक अक्षरात:
नऊ जणांना हे उपयुक्त वाटलं.
कोण कुठले नऊ जण,
ओउलूचे, वासाचे, त्यांना माझ्या आधी कळलं
आणि त्यांनी बहुधा दुसरा थर्मास घेतला.

खातं बंद नाही केलं.
झाकण उघडलं, एका हाताने. लावलं. पुन्हा उघडलं,
डाव्या हाताने, मग लोकरी हातमोजा घालून,
मग मनगट सैल सोडून, बोटं मुद्दाम थरथरवत.
ते जमलं नाही. थरथर आणता येत नाही.

पावतीमागे लिहिलं:
उंची अठ्ठावीस सेंटिमीटर.
रिकामा असताना चारशे दहा ग्रॅम.
चार हिवाळे वापरला.
झाकणाबद्दल आधीच्या ग्राहकाचं म्हणणं
तपासून पाहिलं. बरोबर आहे.

तारे अजून भरले नाहीत.
सल्लिनेनबाई दार वाजवतायत,
कोपराने, म्हणजे हातात ताटली असणार.
वेलचीचा वास आज इथपर्यंत येतोय.